वर हद्द नसलेलं वजन

लुआन चांगहे हाडापेराने एवढा
की हेगांगच्या खाणीने त्याला घेतलंच नाही.
बोगदा पाच फुटी, आणि हा तेराव्या वर्षीच
बापाच्या टोपीवरून पलीकडचं बघायचा.
आधी गोळाफेकीच्या मास्तरांनी नेला,
मग त्यांच्याकडून सान्दाच्या मास्तरांनी मागून घेतला,
दोन पोती पीठ आणि एका जुन्या सायकलीच्या बदल्यात.
ही गोष्ट तोच सांगायचा.
सायकल मी पाहिली आहे. पिठाचं माहीत नाही.

मी एकोणसत्तर किलोचा. पॅड धरणारा.

त्याच्या वजनाचं दुसरं माणूस आख्ख्या प्रांतात नव्हतं,
म्हणून सरावाला आम्ही तिघं, पाळीपाळीने.
एक दमला की दुसरा, दुसरा बसला की मी.
तो हळूच मारायचा.
त्याचं हळूच म्हणजे माझं उजवं मनगट,
दोन हजार सहाच्या हिवाळ्यात, दोन ठिकाणी.
त्यानेच पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं मला
गोठलेल्या रस्त्याने,
आणि वाटभर एकच विचारत राहिला,
भूक लागलीय का.

सामन्याच्या आदल्या दिवशी आमची पोरं
थुंकून थुंकून वजन उतरवायची,
रबरी कोट घालून जिने चढायची,
आणि हा काट्यावर उभा राहायचा
आंबट कोबीचे च्याओझ खात.
जडांच्या गटाला खाली हद्द असते, वर नसते.
वर मोकळं आभाळ आहे तुला, मास्तर म्हणायचे.
त्याला ते आवडायचं नाही.
वर हद्द नाही म्हणजे, तो म्हणायचा,
कोणीही येऊ शकतो.

आणि आले.
बुखारेस्टचा, साओ पावलोचा, ज्याच्या मांडीवर
स्वतःच्याच आईचा चेहरा गोंदलेला होता तो.
आणि रॉटरडॅमचा.

सान्दात धरून आपटता येतं.
किकबॉक्सिंगमध्ये येत नाही.
अकरा वर्षं जे हातांना शिकवलं
ते सहा महिन्यांत विसर म्हणाले,
पैसे तिकडे आहेत म्हणाले.
तो विसरला. हात विसरले नाहीत.

ओसाका, दुसरी फेरी.
त्या डच माणसाची लाथ आली
आणि चांगहेने ती धरली, कमरेत हात घातला, उचललं.
सहज. ओट्यावरून घरंगळणारं भांडं
आपण न बघता झेलतो तसं.
मग हवेतच त्याला आठवलं.
मी कोपऱ्यात बादली धरून उभा होतो.
एकशे अठरा किलोचा माणूस हातांत
आणि चांगहेला कळेना, आता हा ठेवायचा कुठे.
नऊ हजार लोक गप्प.
त्याने त्याला खाली उभं केलं,
नीट, दोन्ही पाय टेकलेत ना बघून,
आणि पंचांकडे वळून मान झुकवली.
पंच काही बोलायच्या आत
गुडघा आला.

त्यानंतरही सात वर्षं तो खेळला.
एकतीस जिंकला, सतरा हरला,
च्यांगचुनला एकदा वीज गेली म्हणून बरोबरी.
टीव्हीवाले दाखवतात ते ओसाकाच,
खाली हसण्याचा आवाज जोडून.
पेपरवाले त्याला भिंत म्हणायचे.
भिंतीला कोण विचारतं, लागलं का.

आता ज्यामुसीला त्याचं न्हाणीघर आहे,
नदीपासून दोन गल्ल्या आत.
डावा कान ऐकत नाही,
म्हणून गिऱ्हाइकांना उजवीकडून बोलायला सांगतो.
पाठी स्वतःच घासतो, खरखरीत हातमोजा चढवून.
हळूच रे, मी म्हणतो, आणि आम्ही दोघंही
माझ्या मनगटाकडे बघत नाही.

दाराशी वजनकाटा ठेवलाय, पोरांसाठी, फुकट.
रात्री दिवे मालवण्याआधी
तो त्यावर एकदा उभा राहतो, ओल्या पायांनी.
काटा एकशे वीसला जाऊन अडतो,
थरथरतो.
पुढचे आकडे छापलेलेच नाहीत.
हा तरी वाकून बघतो,
बराच वेळ.